फडक्यातली मटकी

प्रिय मनू,

काल साताऱ्याहून फोनवर तू दोन प्रश्न विचारलेस आणि मी ‘लिहून कळवतो’ म्हणून सुटका करून घेतली. एक, आपल्याकडे एडिंबरात डबा उघडला की राजमा तयार, मग आजी मटकी रात्रभर भिजवून वर आणखी एक दिवस फडक्यात का बांधते? दोन, तू डाळ शिजायच्या आधीच आमसूल टाकायला गेलीस, तर तिने तुझा हात का धरला?

दुसऱ्याचं उत्तर मी उपाशी राहून शिकलोय. इथल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात कुकर नव्हता. पातेल्यात तूरडाळ, हळद, पाणी आणि घाईत तीन आमसुलं, सगळं एकदमच टाकलं. दोन तास उकळूनही डाळ दाताखाली कचकच! शेवटी ब्रेड खाऊन झोपलो. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. गरम पाण्यात ते पेक्टिन विरघळत जातं, पेशी सुट्या होतात आणि डाळ घोटली जाते. पाणी आंबट असेल तर पेक्टिन लवकर सुटत नाही. म्हणून आधी डाळ शिजवायची, मग आमसूल. खायच्या सोड्याचं बरोब्बर उलटं. डाळ चटकन मऊ होते, पण बी-१ जीवनसत्त्वाची वाट लागते. आजी सोड्याला हात लावत नाही ते मात्र ‘चव जाते’ म्हणून.

आता मटकी. कोरडा दाणा म्हणजे झोपलेलं रोप. त्याने स्वतःच्या प्रवासाची शिदोरी बांधून ठेवलेली असते. तिच्यात रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात, आणि फायटिक आम्लात कोंडलेला फॉस्फरस. हे आम्ल लोह आणि जस्तही धरून ठेवतं, म्हणून ते आपल्या अंगी पुरेसं लागत नाही. पाणी मिळालं की दाण्याला वाटतं, पाऊस आला. तो जागा होतो, फायटेज नावाचं विकर कामाला लावून ते आम्ल फोडायला लागतो आणि साखरा खायला लागतो. मोड जेमतेम बोटाच्या पेराएवढा झाला की आपण त्याला उचलून कढईत टाकतो. थोडी फसवणूकच आहे.

त्या साखरा फोडणारं विकर आपल्या पोटात नसतं. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. हो, तोच. मोड आणल्याने त्या कमी होतात. शिवाय आजी भिजवलेलं पाणी ओतून देते (कढीपत्त्याला घालते ना अजून?), त्याबरोबरही थोड्या जातात.

फडकं कशासाठी, तर दाण्याला ओल हवी तशी हवाही हवी. पाण्यातच बुडवून ठेवला तर तो गुदमरतो आणि वास मारायला लागतो. उद्या पुरचुंडी सोडण्याआधी तिच्यात बोट खुपसून बघ. आत जरा कोमट लागेल, कारण दाणे श्वास घेत असतात. इथल्या थंडीत मला त्यासाठी ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेवावी लागते, तरी तीन दिवस जातात.

मोड आले की प्रथिनं दुप्पट होतात, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नकोस. आपण घातलं फक्त पाणी, प्रथिनं येणार कुठून? क जीवनसत्त्व मात्र खरंच नव्याने तयार होतं. शिजवताना त्यातलं बरंच जातं, पण उसळीवर लिंबू पिळलंस की भरपाई होते आणि लोह शोषायला मदतही होते.

आणि सालं. मागे तू मुगाची सालं ताटाच्या कडेला काढून ठेवली होतीस. सालातला चोथा आपल्याला पचत नाही हे खरं, पण डाळी-कडधान्यांतला काही चोथा ते आतड्यातले जिवाणू विरजणासारखा आंबवतात. त्यातून ब्युटिरिक आम्ल मिळतं, ज्यावर मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी जगतात. थोडं आजीच्या तुपातही असतं. तेव्हा सालं खा.

राजम्यावर हा प्रयोग नको. त्याला मोड आणून कच्चा खाल्लास तर उलट्या होतील. तो भिजवून, पाणी बदलून, खळखळून उकळत किमान दहा मिनिटं तरी ठेवावा लागतो आणि मग पूर्ण शिजवावा लागतो. डब्यातला आधीच शिजलेला असतो, म्हणून चालतो.

एक काम कर. आजी उसळीच्या फोडणीत हिंग किती घालते ते बघून ठेव. तिला विचारलं की ‘अंदाजाने’ म्हणते, आणि गेली अकरा वर्षं माझा अंदाज चुकतोय.

तुझा,
बाबा