शून्य फेरे म्हणजे पंखा बंद, असे कोणी सांगितले?

आपण विचारले आहे की, जुन्या सर्व्हरवर लिनक्स बसवल्यावर ‘सेन्सर्स’ ही कमांड केवळ प्रोसेसरच्या कोअरचे तापमान दाखवत होती, पंख्यांचा वेग वाचणाऱ्या चिपचे मॉड्यूल (म्हणजे तिचा ड्रायव्हर) लोड केल्यावर पंखे दिसू लागले, पण त्यांतला एक सतत ० फेरे दाखवतो, आणि सहकाऱ्यांच्या मते बोर्डावरचे सेन्सर गेले आहेत. हे शेवटचे वाक्य वाचले आणि लिहिल्यावाचून राहवेना, कारण नेमक्या याच वाक्यावरून माझा एका वरिष्ठांशी झालेला वाद आजही मिटलेला नाही.

आमच्याकडे एक जुना टॉवर सर्व्हर होता आणि त्याच्या बोर्डावर विनबाँडची डब्ल्यू८३६२७एचएफ ही चिप होती. मागच्या पंख्याचे बेअरिंग गेल्यामुळे तो घरघरू लागला, म्हणून त्या जागी मोठ्या पात्यांचा, कमी वेगाचा पंखा बसवण्यात आला. त्या दिवसापासून ‘फॅन २’ समोर ० येऊ लागले. वरिष्ठांनी नवा पंखा सदोष ठरवून दुसरा मागवला, त्याचेही ० आले. तिसरा मागवला, तरी ते हटेना. मग निदान बदलले आणि दोष बोर्डावर गेला. झाकण उघडे आहे, पंखा डोळ्यांदेखत फिरतो आहे, जवळ धरलेली कागदाची पट्टी फडफडते आहे, आणि तरीही पडद्यावरचे शून्य खरे मानून नवा मदरबोर्ड मागवण्याचे पत्र लिहिले जात होते. ‘जुनं झालं की सेन्सर जातातच,’ एवढेच त्यांचे म्हणणे.

मी मल्टिमीटर फ्रिक्वेन्सीवर लावला आणि पंखा चालू असतानाच त्याची वेगाची तार व ग्राउंड यांच्यामध्ये टोके धरली. आकडा ६१ हर्ट्झवर स्थिरावला. असे पंखे एका फेऱ्यात दोन पल्स, म्हणजे विजेचे दोन ठोके, देतात, म्हणजे हर्ट्झला ३० ने गुणायचे. मिनिटाला १८३० फेरे झाले. पंखा बोलत होता, चिपपर्यंत त्याचे बोलणे पोचतही होते, पण चिपला ते मोजता येत नव्हते.

कारण असे की, ही चिप फेरे मोजतच नाही. ती दोन पल्सना, म्हणजे एका फेऱ्याला, लागणारा काळ आपल्या घड्याळाने मोजते, आणि ड्रायव्हर १३,५०,००० या संख्येला त्या मोजणीच्या व भाजकाच्या (घड्याळ किती पटींनी संथ करायचे ते सांगणाऱ्या संख्येच्या) गुणाकाराने भागून वेग काढतो. पंखा जितका हळू, तितकी मोजणी मोठी. आणि काउंटर ८ बिटांचा, म्हणजे २५५ च्या पुढे जागाच नाही. बायोसने, म्हणजे मशीन सुरू होताच चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामने, मूळच्या वेगवान पंख्यासाठी भाजक २ ठेवला होता, त्यामुळे सुमारे २६५० फेऱ्यांखालचा कोणताही पंखा काउंटर भरून टाकणार आणि ड्रायव्हर ० लिहिणार. हे शून्य मोजमाप नव्हे. मोजता आले नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी ‘फॅन२_डिव्ह’ या फाईलमध्ये ४ लिहिले आणि पुढच्याच क्षणी १८३४ दिसले.

वरिष्ठ म्हणाले, ‘उद्या बघ, परत शून्य येईल.’ दुसऱ्या दिवशी मशीन रीस्टार्ट झाले आणि खरोखरच शून्य आले, कारण बायोसने भाजक पुन्हा २ केला होता आणि मी तो सेन्सर्सच्या कॉन्फिग फाईलमध्ये लिहून ठेवायला विसरलो होतो. चूक माझी होती, हे मान्य आहे. तिथे ‘सेट’ची एक ओळ घालून सुरुवातीलाच ‘सेन्सर्स -एस’ (त्या फाईलमधली मूल्ये चिपमध्ये भरणारी कमांड) चालेल अशी व्यवस्था केल्यावर ते शून्य कधीच परतले नाही. पण तोवर ‘याचा जुगाड एक दिवस टिकला’ ही गोष्ट सगळीकडे सांगून झाली होती.

आता आपल्या मशीनविषयी. केवळ कोअरचे तापमान दिसत होते यात बिघाड काहीच नाही. ते आकडे प्रोसेसरच्या आतून येतात आणि पंख्यांचे आकडे बोर्डावरच्या वेगळ्या चिपकडून. आपल्या सर्व्हरवर बीएमसी, म्हणजे देखरेखीसाठी बोर्डावर बसवलेला वेगळा छोटा संगणक, असेल तर मात्र ही चिप सोडून द्या, कारण तिथे पंखे बहुधा बीएमसीलाच जोडलेले असतात आणि चिपच्या मोकळ्या पिना काहीही दाखवतात. ‘आयपीएमआय_एसआय’ आणि ‘आयपीएमआय_डेव्हइंटफ’ ही मॉड्यूल लोड करून ‘आयपीएमआयटूल एसडीआर’ चालवा. तिथेही हाच रोग वेगळ्या रूपात भेटतो: मंद पंखा खालच्या मर्यादेखाली गेला की बीएमसी त्याला मेलेला समजून सगळे पंखे पूर्ण वेगाने पळवते, वेग वाढला की शांत होते, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. उपाय मर्यादा खाली आणण्याचा आहे, पंखा बदलण्याचा नव्हे. बीएमसी नसेल, तर भाजक पाहा. तो गरजेपेक्षा मोठाही करू नये, कारण मोजणी लहान झाली की आकडा उड्या मारत बदलतो.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मॉड्यूल लोड होत नसेल तर कर्नलला ‘एसीपीआय_एन्फोर्स_रिसोर्सेस=लॅक्स’ द्या, असा सल्ला मिळेल; त्याने फर्मवेअर (बोर्डाचा स्वतःचा प्रोग्राम) आणि ड्रायव्हर एकाच चिपमध्ये एकाच वेळी हात घालू शकतात, म्हणून कामाच्या सर्व्हरवर मी तो वापरत नाही. दुसरे म्हणजे मल्टिमीटरचे टोक घसरून १२ व्होल्टच्या तारेला लागले, तर बोर्ड खरोखरच जाऊ शकतो. आणि पंखा फिरत असूनही मल्टिमीटरवर ० हर्ट्झच आले, तर तो पंखा दुसऱ्या कनेक्टरवर लावून पाहा. तिथेही ० आले तर सेन्सर गेला आहे, आणि तेवढ्यापुरते आपले सहकारी बरोबर आहेत; फक्त तो बोर्डावरचा नव्हे, पंख्यातला.