ठाण्यात नवीन राहायला आलोय, गिटारचं चांगलं दुकान कसं शोधू?

मॅपवरचे स्टार बघून नका ठरवू. नौपाडा, पाचपाखाडीकडे गिटार शिकवणाऱ्या एखाद्या सरांना सरळ विचारा की तुम्ही स्वतःच्या गिटारचं सेटअप, म्हणजे तारांची उंची आणि सूर नीट जुळवणं, कुठे करून घेता, कारण विकणारे खूप असतात पण नीट सेटअप करून देणारा माणूस जिथे बसतो तेच दुकान खरं.

दुकानात हातात घेऊन वाजवू देतायत का बघा, प्लास्टिक काढायलाच नाही म्हणाले तर निघा तिथून. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तार किती उंच आहे ते बघा, स्टील तारांच्या अकूस्टिकला साधारण 2 ते 2.5 मिमी ठीक, बरंच जास्त असेल तर नवीन माणसाची बोटं सोलून निघतात आणि तो बिचारा गिटारच सोडून देतो, फार जणांचं बघितलंय हे. मग तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा आणि तिथेच नुसतं बोट टेकवून हार्मोनिक, म्हणजे घंटीसारखा बारीक सूर, काढा, दोन्ही सूर एकच यायला हवेत, ट्यूनर ॲप लावलं की लगेच कळतं.

आणि ठाण्यातच अडकू नका हं. सीएसएमटीची फास्ट पकडा, तिथून धोबी तलाव चालत जाता येतं, फर्टाडोस हे वाद्यांचं दुकान तिथलं जुनं नाव, 1865 पासूनचं. तिथेच घ्या असं नाही, पण वेगवेगळ्या गिटार वाजवून बघितल्या की कान तयार होतो. पावसाळ्यात घेत असाल तर केस आणि सिलिका जेलची पाकिटं घ्याच, आपल्या दमट हवेत लाकूड फुगतं, तारा गंजतात.