शंका-समाधान: फोनवर बोलून गुंता बदलता येतो का?

प्रश्न: सर, एक कण माझ्याकडे ठाण्यात, त्याच्याशी गुंतलेला (क्वांटम एन्टँगलमेंट: दोघांची अवस्था एकत्रच सांगता येते, वेगवेगळी नाही) दुसरा कण मैत्रिणीकडे नेरूळला. दोघींनी आपापल्या कणावर हवं ते करायचं आणि फोनवर बोलायचं, एवढीच मुभा. मग जास्त गुंतलेल्या अवस्थेतून कमी गुंतलेली कुठलीही अवस्था मिळवता येईल ना?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर: नाही. ‘कमी’ म्हणजे कोणत्या मापाने कमी, तिथेच गोची आहे. (कण डब्यात घालून ट्रान्स-हार्बर लोकलने नेरूळला पोचवलास तर काहीही जमेल, पण मग प्रश्नच मिटला.)

फोनवर जातो तो फक्त मोजमापाचा निकाल. तू मोजतेस, काय आलं ते कळवतेस, ती त्याप्रमाणे आपला कण हाताळते. हे कुठवर जातं, त्याची कसोटी भौतिकशास्त्रज्ञ मायकल नील्सन यांनी 1999 मध्ये दिली. दोन्ही शुद्ध (म्हणजे पूर्ण माहीत असलेल्या) अवस्थांचे श्मिट गुणांक (अवस्था दोन्हीकडच्या जुळणाऱ्या जोड्यांच्या बेरजेत लिहिली की प्रत्येक जोडीपुढे येणारा आकडा) काढ, त्यांचे वर्ग उतरत्या क्रमाने मांड आणि बेरीज करत जा. हातातल्या अवस्थेची बेरीज एकाही टप्प्यावर हव्या असलेल्या अवस्थेपेक्षा जास्त भरता कामा नये.

आता वही घे. वर्गांचे आकडे असे: एक अवस्था 0.5, 0.4, 0.1, दुसरी 0.6, 0.2, 0.2. पहिल्या टप्प्यावर 0.5 आणि 0.6, दुसऱ्यावर 0.9 आणि 0.8. म्हणजे इकडून तिकडे खात्रीने जाता येत नाही, तिकडून इकडेही नाही. एन्ट्रॉपी (गुंता मोजायचं नेहमीचं माप) काढलीस तर 1.36 आणि 1.37 बिट, जवळपास सारखीच! एकाच जोडीपुरतं बोलायचं तर गुंत्याला एका आकड्यात बसवण्याचा हट्ट इथे सोडावा लागतो. नशिबावर सोडायची तयारी असेल तर भौतिकशास्त्रज्ञ गुइफ्रे विदाल यांच्या सूत्राने पहिलीची दुसरी होण्याची शक्यता जास्तीत जास्त 50 टक्के, उलट दिशेने 80.

मला स्वतःला याहून आवडते ती जोनाथन आणि प्लेनिओ या भौतिकशास्त्रज्ञांची 1999 मधलीच करामत. 0.4, 0.4, 0.1, 0.1 पासून 0.5, 0.25, 0.25, 0 करायला गेलीस तर दुसऱ्या टप्प्यावर अडतेस: 0.8 विरुद्ध 0.75. पण 0.6, 0.4 अशी आणखी एक गुंतलेली जोडी उसनी घेतली की काम होतं, आणि ती जोडी जशीच्या तशी परत मिळते. उसन्या जोडीच्या आकड्यांशी सगळे गुणाकार करून, उतरत्या क्रमाने लावून पुन्हा बेरजा मांड. चौथ्या टप्प्यावर दोन्हीकडे 0.80 येतं, जेमतेम सुटतेस.