आमचा सर्वे साहेबांच्या टेबलावर पडून आहे, आता काय?

प्रश्न: ताई, आम्ही बचतगटाच्या अकरा बायका. गावातलं उपकेंद्र पावसाळाभर बंदच असतं म्हणून आम्ही चिखल तुडवत २१० घरांचा सर्वे केला, बाळंतपणाला कोण कुठे गेलं, गाडीला किती पैसे गेले, सगळं वहीत लिहिलं. साहेबांकडे नेली वही तर म्हणाले, आमच्या रिपोर्टमध्ये तर असं काही दिसत नाही. आता गटातल्या म्हणतात फुकट फिरलो. आमच्यासारख्यांच्या सर्वेनं सरकारी धोरण कधी बदलतं का हो?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर: बदलतं, पण त्याला वेळ लागतो, आणि किती ते ऐकून आधी चिडू नका.

तुमच्यापासून फार लांब नाही, गडचिरोलीचीच गोष्ट. डॉ. राणी आणि अभय बंग यांची 'सर्च' संस्था तिथे १९८६ पासून. त्यांनी गावोगाव जन्म-मृत्यू मोजायला घेतले. आता बघा, बाळंतपण घरी झालं, बाळ दोन-तीन दिवसांत गेलं, नाव पण ठेवलेलं नाही, तर त्याची नोंद करायला जाणार कोण? कागदावर ते बाळ जन्मलंही नाही आणि मेलंही नाही. तुमच्या साहेबांच्या 'रिपोर्टमध्ये दिसत नाही'चा अर्थ बरेचदा एवढाच असतो. इथे नीट मोजल्यावर दिसलं की हजार जन्मांमागे साठाच्या वर बाळं महिन्याच्या आत जातायत.

पण ते नुसतं मोजून थांबले नाहीत हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९९५ पासून ३९ गावांत तिथल्याच थोडंफार शिकलेल्या बायकांना तयार केलं, बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास घेत नसेल तर काय करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि वेळ पडली तर अँटिबायोटिकचं इंजेक्शनसुद्धा. (गावच्या बाईनं इंजेक्शन द्यायचं म्हटल्यावर किती जणांच्या भुवया वर गेल्या असतील!) आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी ३९ गावांतला आकडा पंचविसाच्या आसपास आला, १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या डॉक्टरी संशोधनाच्या मासिकात छापून आलं, तरी देशभर आशांमार्फत हा कार्यक्रम सुरू व्हायला २०११ उजाडलं. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी बाळ बघायला घरी येते ना, ते त्यातूनच आलंय.

मधे २००१ ला महाराष्ट्रातल्या १३ संस्थांनी मिळून बालमृत्यू मोजले, 'कोवळी पानगळ' नावाचा अहवाल काढला, तेव्हा कुठे सरकारनं समिती नेमली. एकट्यानं नेलेला कागद बाजूला सारणं सोपं असतं, म्हणून आजूबाजूच्या गावांतले गट जोडून घ्या.

आता तुमच्या वहीकडे येऊ. 'बंदच असतं' असं लिहिलं की साहेब 'कुठं बंद असतं?' म्हणून मोकळे. त्यापेक्षा महिनाभर रोज ठरलेल्या वेळी कुलूप होतं की नव्हतं ते तारखेसकट लिहा, मोबाईलवर फोटो काढा. जवळपास एखादं नीट चालणारं उपकेंद्र असेल तर त्या गावात हेच प्रश्न विचारा, दोन्हीकडचा खर्च शेजारी शेजारी मांडला की फारसं बोलावं लागत नाही. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून तिथल्या हजेरीची प्रत मागा, तुमच्या तारखांशी ताडून बघा. आणि हे सगळं साहेबांच्या आधी ग्रामसभेत वाचा, चुकलेलं गावच दुरुस्त करतं, मग ठराव घ्या. तिथे बायकांची नावं मात्र वाचू नका हं, बाळंतपणाच्या गोष्टी आहेत.

मागणी पण छोटी ठेवा. 'आरोग्य व्यवस्था सुधारा' म्हटल्यावर कोण काय करणार? पावसाळ्याचे चार महिने नर्सबाईंचे ठराविक वार लावून ते दारावर लिहा, एवढं मागा, ते त्या साहेबांच्या हातात असायला हवं.

आणि पुढच्या वेळी झेरॉक्स द्या, त्यावर पोच घ्या. मूळ वही अजून तिथेच असेल तर उद्याच जाऊन घेऊन या.