अन्ननलिकेची बायोप्सी वाचताना
आधी तुकडा कसा कापला गेलाय ते बघा. काप तिरका असेल तर अस्तराचा तळाचा थर उगाचच जाड दिसतो. तिथे मोजमाप करूच नका, ब्लॉकमधून (तुकडा बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यातून) आणखी खोल काप मागवा. सरळ कापात तळाचा थर एकूण जाडीच्या १५ टक्क्यांहून जास्त आणि पॅपिला (खालच्या ऊतीचे अस्तरात वर घुसलेले बोटांसारखे उंचवटे) अस्तराच्या दोन-तृतीयांश उंचीपलीकडे गेलेल्या दिसल्या, तर रिफ्लक्सची (जठरातलं आम्ल अन्ननलिकेत वर येण्याची) शक्यता धरा. मात्र जठराजवळच्या शेवटच्या २-३ सेंटीमीटरमध्ये हे निरोगी माणसातही आढळतं, म्हणून नमुना नेमका कुठून घेतला ते विचारून घ्या. माझा जास्त भरवसा पेशींमधल्या रुंदावलेल्या फटींवर. त्या सूक्ष्मदर्शकाच्या ४० पट लेन्सखाली शोधा, तुकड्याच्या कडेच्या सोडून द्या. रिफ्लक्समध्ये इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) तुरळकच असतात. एका हाय-पॉवर फील्डमध्ये (त्याच लेन्सखाली एका वेळी दिसणाऱ्या भागात) १५ किंवा जास्त भरले तर इओसिनोफिलिक इसोफेजायटिसही (याच पेशींमुळे होणारा अन्ननलिकेचा दाह) डोक्यात ठेवा.