लांब पल्ल्याच्या धावण्यातून नोकरीत उपयोगी पडेल असं तुम्ही काय शिकलात?

एकच गोष्ट, पण ती पेडर रोडच्या चढावर शिकलो.

२०१८ ची मुंबई मॅरेथॉन, माझी पहिली पूर्ण ४२.१९५ किलोमीटर. सीएसएमटीहून अंधारातच निघालो. मरीन ड्राइव्हवर गार वारा, अंगात जोर. किलोमीटरला सात मिनिटं ठरवली होती, धावत होतो सहाने. वाटलं, जमतंय तोवर वेळ कमावून ठेवू. जाताना पेडर रोड कधी मागे पडला तेही कळलं नाही.

परतताना तोच चढ पस्तीसाव्या किलोमीटरच्या आसपास लागतो. शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूंना ऊर्जा देणाऱ्या साखरेचा साठा साधारण तीस-बत्तीस किलोमीटर पुरतो, आणि मी तो आधीच उधळला होता. पोटऱ्यांत गोळे आले, दुभाजकाला धरून उभा राहिलो. एक आजी संत्र्याच्या फोडी घेऊन आल्या. फोड मिठात बुडवून त्यांनी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "बसू नकोस, चालत राहा." कमावलेली पंधरा मिनिटं तिथेच गेली, वर आणखी वीस गेली.

मी ठाण्यात एका सीएंकडे काम करतो. ३१ जुलै ही आयकर रिटर्नची शेवटची तारीख, ३० सप्टेंबर ही टॅक्स ऑडिटची, म्हणजे करासाठी व्यवसायांचे हिशेब तपासण्याची. जुलैत आम्ही आर्टिकलच्या, म्हणजे सीए होण्यासाठी उमेदवारी करणाऱ्या मुलांना रात्री अकरापर्यंत बसवायचो. सप्टेंबरात त्याच मुलांच्या हातून चुका व्हायच्या: एका पार्टीची नोंद दुसऱ्याच्या लेजरला, म्हणजे खात्याला. मुलं आळशी झाली असं आम्ही समजायचो. खरं तर त्यांचा पेडर रोड आलेला असायचा.

त्या वर्षी सरांशी बोललो. बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे वह्यांतल्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणं, एप्रिल-मे मध्येच उरकायचं, राहिलेली बिलं तेव्हाच मागायची, ऑगस्टपर्यंत सातनंतर कोणी थांबायचं नाही. सर नाराज होते, कारण मे महिन्यात ऑफिस निवांत दिसलं की मालकाला चैन पडत नाही. मलाही पडत नव्हतं. पहिले दहा किलोमीटर हळू धावताना बाजूने लोक पुढे जातात, तेव्हा अगदी असंच होतं, आणि ते सहन करायला मला सरावाच्या दोन हिवाळ्यांनी शिकवलं. मुदतवाढ मिळेल या आशेवर कामं पडून राहायची, तेही थांबलं.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आजही जड जातो. पण त्या वर्षी २८ तारखेला सगळ्यांनी दीड वाजता एकत्र बसून डबा खाल्ला. तोपर्यंत मी ते त्या ऑफिसात कधी पाहिलं नव्हतं.