हास्केलमध्ये बकेट सॉर्ट इन-प्लेस लिहिता येतो का? आणि लिहिला तर तो फंक्शनल राहतो का? ओकॅमलमध्ये काय?

येतो, आणि राहतो. बकेट सॉर्ट म्हणजे माल आधी ढिगांत (बकेट्समध्ये) वाटून लावणं, आणि इन-प्लेस म्हणजे वेगळा ॲरे न घेता आहे त्याच ॲरेत लावणं. हास्केल पडली फंक्शनल भाषा, तिथे तयार डेटा सहसा बदलत नाहीत, म्हणून ही शंका. प्रश्नाचा दुसरा भाग तुमच्या डोक्यात कोणीतरी भरवलेला दिसतोय. माझ्याही भरवायचा प्रयत्न झाला होता, म्हणून एवढं लिहितोय.

तेव्हा मी पार्सलांच्या याद्या पिनकोडप्रमाणे लावणाऱ्या सिस्टिमवर काम करत होतो. पिनकोड सहा आकडी, पहिला आकडा १ ते ९, म्हणजे बकेट्स आयत्याच मिळालेल्या. मी अमेरिकन फ्लॅग सॉर्ट लिहिला. १९९३ साली दोघा मॅकिलरॉयनी आणि कीथ बॉस्टिकने मांडलेला हा प्रकार: एका फेरीत नुसतं मोजायचं, दुसऱ्या फेरीत त्याच ॲरेत माल हलवायचा.

समजा ॲरेत ४११०३०, ११०००१, ५६०००१, ४००००१, ४११००४ आहेत. मोजलं तर १ चा एक, ४ चे तीन, ५ चा एक. म्हणून १ ची बकेट जागा ० पासून, ४ ची १ पासून, ५ ची ४ पासून. जागा ० वर सदाशिव पेठ (४११०३०) ठाण मांडून बसलीय, तिला ४ च्या बकेटमध्ये पाठवायचंय, तर जागा १ वरच्या दिल्लीशी अदलाबदल. दिल्ली त्याच झटक्यात बरोबर बसली. जागा २ वर बंगळूर, त्याची जागा ४ वरच्या डेक्कन जिमखान्याशी अदलाबदल. झालं. पाच पिनकोड, दोन अदलाबदली, आणि जास्तीची मेमरी फक्त बकेट्सच्या मोजणीपुरती. मग प्रत्येक बकेटच्या आत पुढच्या आकड्यावर तोच खेळ.

हास्केलमध्ये मोजणी ॲक्युमॲरेने (एकेका इंडेक्सवर येणारी मूल्यं गोळा करून ॲरे बनवणारं फंक्शन) आणि सुरुवातीच्या जागा स्कॅनएलने (चालू बेरीज देणारं फंक्शन) काढा. अदलाबदल तेवढी रनएसटीयूॲरेच्या आत ठेवा; ते एसटी मोनॅड वापरतं, म्हणजे बदल करायला आखून दिलेली बंदिस्त जागा. एसटी मोनॅड लाँचबरी आणि पेटन जोन्स यांनी १९९४ साली नेमका ह्याच गरजेसाठी मांडला. आत ॲरे हवा तसा बदला, पण त्या बदलत्या ॲरेचा रेफरन्स बाहेर न्यायला गेलात तर टाइप चेकरच अडवतो. बाहेरून बघणाऱ्याला तेच इनपुट दिलं की तेच आउटपुट मिळतं. शुद्ध असणं म्हणजे आणखी काय असतं?

आमच्या लीडला हे मान्य नव्हतं. "तू हास्केलमध्ये सी लिहिलायस," असं त्याने भर मीटिंगमध्ये सुनावलं आणि त्याजागी स्वतःचं घातलं: ॲक्युमॲरेने प्रत्येक आकड्याची लिस्ट करायची आणि शेवटी सगळ्या जोडायच्या. दिसायला सुरेख, स्लाइडवर टाकायला तर फारच. पण चौसष्ट बिटच्या मशीनवर लिस्टच्या एकेका कप्प्याला २४ बाइट, आत बॉक्स केलेला (वेगळा ठेवून पॉइंटरने जोडलेला) इंट असला तर त्याचे आणखी १६. अनबॉक्स्ड ॲरेत (ज्यात आकडे थेट सलग ठेवतात) तोच इंट ८ बाइटांत मावतो. वर गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा) त्या लिस्टा इकडून तिकडे कॉपी करत बसतो, ते वेगळंच.

गंमत पुढे आहे. जीएचसीचा, म्हणजे हास्केलच्या कंपायलरचा, सोर्स उघडून बघा. हा ॲक्युमॲरे स्वतः आतमध्ये रनएसटी (एसटी मोनॅड चालवणारं फंक्शन) लावून एक म्युटेबल, म्हणजे बदलता येणारा, ॲरे घेतो आणि त्यातच भर घालत जातो. म्हणजे लीडच्या सोवळ्या कोडमध्येही बदल होत होताच, फक्त तो दुसऱ्या कोणीतरी लिहिलेला होता. मी हे दाखवलं तेव्हा उत्तर आलं, "लायब्ररीची गोष्ट वेगळी." का वेगळी, ते आजवर कळलेलं नाही. तुम्हाला असं कोणी म्हणालं तर ती फाइल उघडून समोर ठेवा, वाद घालत बसू नका.

ओकॅमलचंही तुम्ही विचारलंय. तिथे ॲरे मुळातच बदलता येतो, फॉर लूप लिहा आणि मोकळे व्हा.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. हा सॉर्ट स्टेबल नाही. वरच्याच उदाहरणात ४००००१ आधी होता, पहिल्या फेरीनंतर ४११००४ त्याच्या पुढे गेला. आधीचा क्रम टिकायला हवा असेल तर हा वापरू नका. दुसरं, न बदलणारा ॲरे बदलता करून देणारं थॉ हे फंक्शन ॲरेची कॉपी करतं, म्हणजे काटेकोरपणे ते इन-प्लेस नव्हेच. अनसेफथॉ कॉपी टाळतो, पण जुना ॲरे दुसरीकडे कोणी वाचत असेल तर त्याच्या पायाखालचा डेटा बदलेल. तिसरं, अनबॉक्स्ड ॲरेत अख्खं पार्सल रेकॉर्ड बसत नाही, इंडेक्स सॉर्ट करावे लागतात.

आणि हे शिकण्यासाठी नसून कामासाठी हवं असेल, तर व्हेक्टर-अल्गोरिदम्स पॅकेजमध्ये अमेरिकन फ्लॅग तयार आहे. तोही म्युटेबल व्हेक्टरवरच चालतो, लीडला कळवू नका.